घरनाडी

सौरभच्या अर्जातलं एक वाक्य केतकी गुंजाळने दवाखान्यात उभ्या उभ्याच दोनदा वाचलं. 'घटस्फोटित पत्नी आणि अर्जदाराची आई अशा दोन स्त्रिया केवळ एका छताखाली राहत असून, या व्यवस्थेस कुटुंब म्हणता येत नाही.' समोरच्या टेबलावर एक शेळी पाय मुडपून पडली होती आणि तिचा मालक डॉक्टरीणबाईंचं वाचून होण्याची वाट पाहत होता. केतकीने फोन खिशात टाकला, शेळीचं पोट चाचपलं आणि सलाईन लावलं. हात सरावाने काम करत होते. डोक्यात मात्र ते वाक्य फिरत राहिलं.

संध्याकाळी तिने ते शैलजाताईंना वाचून दाखवलं. शैलजाताई सौरभच्या आई, म्हणजे केतकीच्या सासूबाई. पूर्वीच्या म्हणावं तर तसं दोघींपैकी कुणीही कधी म्हटलं नव्हतं.

"म्हणजे मी कोण मग? पेइंग गेस्ट?" शैलजाताईंनी विचारलं. "आणि हे माझ्या पोटच्या पोराने लिहिलंय?"

"वकिलाने लिहिलंय, आई."

"सही कुणाची आहे?"

केतकीने फोन टेबलावर पालथा ठेवला.

तीन वर्षांपूर्वी सौरभ पुण्याला गेला तो गेलाच. नोकरी तिथली होतीच, मग पल्लवीही तिथलीच भेटली. घटस्फोट झाला, लग्न झालं. आईला न्यायला तो गाडी घेऊन संगमनेरला आला, तेव्हा शैलजाताई दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "माझं घर इथं आहे." तेवढंच. गाडी रिकामी परत गेली. तेव्हापासून त्या घरात तिघी राहत होत्या. शैलजाताई, केतकी आणि तिची मुलगी रेवा. रेवा आता अकरा वर्षांची होती आणि सौरभला तिचा ताबा हवा होता.

अशा अर्जांवर पूर्वी वर्षानुवर्षं तारखा पडायच्या. दोन्हीकडचे वकील शेजाऱ्यांच्या साक्षी काढायचे, समुपदेशक मुलाला 'तुला कोण जास्त आवडतं' असं विचारून रडवायचे. गेल्या काही वर्षांत यात एक यंत्र आलं होतं. लोक त्याला घरनाडी म्हणत. न्यायाधीशांनी दोन्ही घरांना ते लावायचा आदेश दिला.

यंत्र घेऊन आल्या त्या डॉ. शाहीन मुजावर, न्यायालयाने नेमलेल्या कुटुंबमानसशास्त्रज्ञ. पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी तिघींच्या मनगटांवर मऊ पट्टे बांधले आणि बैठकीच्या खोलीत भिंतीवर साबणाच्या वडीएवढी एक डबी चिकटवली.

"ही डबी आमचं बोलणं ऐकणार का?" शैलजाताईंनी संशयाने विचारलं.

"शब्द नाही ऐकत, आजी. फक्त आवाजाची पट्टी. चढला का, पडला का, एवढंच."

"मग मी सौरभला शिव्या दिल्या तरी चालतील."

"हळू आवाजात द्या."

रेवा खुदकन हसली. तिने पट्टा उलटसुलट करून पाहिला. "हे नेमकं मोजतं काय?" तिने विचारलं. डॉ. मुजावरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि तिलाच सांगायला सुरुवात केली.

आपलं हृदय घड्याळासारखं एका मापात चालत नाही, त्या म्हणाल्या. श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. मेंदूकडून हृदयाकडे एक मज्जातंतू उतरतो, तो ब्रेकसारखं काम करतो. माणूस घाबरला, चिडला, की हा ब्रेक सुटतो. शांत झाला की पुन्हा लागतो. गंमत अशी, की हा ब्रेक दुसऱ्या माणसालाही लावता येतो. रडणारं तान्हं बाळ आईच्या छातीवर टाकलं की गप्प होतं, ते याच्यामुळे. मोठेपणीही हे चालूच राहतं. एका घरात राहणाऱ्या माणसांची हृदयं दिवसभर एकमेकांना ओढत असतात, सावरत असतात. एकाचं बिनसलं की दुसऱ्याचे ठोके बदलतात. कुणामुळे कोण बिघडतं आणि कुणामुळे कोण सावरतं, हे पट्टे सेकंदासेकंदाला टिपतात.

"आणि मग घराला मार्क मिळतात?"

"घराला एक आकडा मिळतो. बिनसल्यावर घर किती लवकर ताळ्यावर येतं, याचा."

केतकीने मनातली शंका विचारली. "पण डॉक्टर, ठरलेलं माप आई-बाबा आणि दोन मुलं असंच असणार ना? आम्ही त्यात बसतच नाही."

"सुरुवातीला तसंच होतं," डॉ. मुजावर म्हणाल्या. "पहिल्या यंत्राला आधी सांगावं लागायचं की घरात बाप कोण, आई कोण. दोन बहिणी मिळून भाचा वाढवतायत, आजोबा एकटे नात सांभाळतायत, असं घर आलं की ते गोंधळून कमी आकडा द्यायचं. मग आमच्यातल्याच काहींनी भांडून तो प्रश्नच काढून टाकला. आता यंत्राला नाती माहीत नसतात. घरात कोण राहतं हे ते विचारत नाही. घरात काय चालतं एवढंच पाहतं."

हे ऐकून केतकीला हायसं वाटलं. काय चालतं हेच पाहायचं असेल तर तिला भीती नव्हती. या घरात आवाज चढत नसे. दारं आपटत नसत. दोन बायकांनी आणि एका मुलीने मोडलेल्या संसारातून एक नीटनेटकं, शांत घर उभं केलं होतं, याचा तिला मनोमन अभिमान होता.

पहिले दोन-तीन दिवस शैलजाताई पाहुणे आल्यासारख्या वागल्या. इस्त्रीची साडी, गोड बोलणं. मग पट्ट्यांचा विसर पडला. एका संध्याकाळी केतकी चिखलाने माखलेली घरी आली. एका गोठ्यात गाय अडली होती, वासरू वाचलं, गाय गेली. ती काही न बोलता पायरीवर बसली. रेवा आतून आली, चहाचा कप तिच्या हातात दिला आणि शेजारी बसून शाळेतल्या मास्तरांची नक्कल करू लागली. हळूहळू केतकीच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"गुणाची गं माझी बाय," शैलजाताई दारातून म्हणाल्या.

दिवाळीच्या सुट्टीत रेवा पुण्याला वडिलांकडे गेली, तिथेही पट्टे होतेच. पल्लवीला पहिल्या लग्नाचा पाच वर्षांचा मुलगा होता, अद्वय. त्या घरात दिवसभर धिंगाणा असतो, असं रेवाने फोनवर सांगितलं. पल्लवीकाकू ओरडते, अद्वय लोळण घेतो, बाबा दोघांवर चिडतो आणि मग सगळे मिळून बाहेर जेवायला जातात.

डिसेंबरच्या आरंभी निकाल आला. केतकीचे वकील खताळ यांनी उत्साहाने फोन केला. "मॅडम, आपल्या घराचा आकडा नव्वदीच्या पुढे आहे. त्यांचा पन्नाशीत लटकतोय. केस संपल्यात जमा आहे."

शैलजाताईंनी देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी डॉ. मुजावरांनी केतकीला एकटीला बोलावून घेतलं.

त्यांच्या खोलीतल्या पडद्यावर तीन वर्तुळं होती आणि त्यांच्यामध्ये बाण. "न्यायालयात फक्त आकडा जातो," त्या म्हणाल्या. "हा आतला नकाशा घरच्यांचा. तुमच्या संमतीशिवाय तो कुणी पाहत नाही. पण तुम्ही पाहावा असं मला वाटतं. बाण म्हणजे कोण कुणाला सावरतं."

केतकीने पाहिलं. एका वर्तुळातून दोन जाड बाण निघून उरलेल्या दोघींकडे गेले होते. त्या वर्तुळाकडे येणारा बाण मात्र केसासारखा बारीक होता.

"ही मी ना?" तिने विचारलं.

"नाही," डॉ. मुजावर हळूच म्हणाल्या. "ती रेवा."

त्यांनी एक संध्याकाळ उघडून दाखवली. केतकी घरी येण्याआधीच, फाटक वाजताक्षणी, रेवाचे ठोके वाढले होते. मग ती बोलू लागली, आवाज अगदी सरळ, हसरा. थोड्याच वेळात केतकीची रेषा खाली आली, शांत झाली. रेवाची मात्र वरच राहिली. जेवताना वर, अभ्यास करताना वर. ती उतरली ती मुलगी झोपल्यावर. दुसरी संध्याकाळही तशीच. तिसरीत शैलजाताई होत्या, दुपारी कधीतरी रडलेल्या, आणि त्यांच्याजवळ पुन्हा रेवाच.

"तुमचं घर शांत आहे," डॉ. मुजावर म्हणाल्या. "खरोखर शांत आहे. ती शांतता कोण राखतंय, हा प्रश्न आहे."

केतकीने पडद्यावरून नजर काढली. "आणि पुण्याला?"

डॉ. मुजावरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "तिथला नकाशा मला दाखवता येणार नाही, फक्त रेवापुरतं सांगते. तिथं आरडाओरडा खूप. पण रेवाची रेषा तिथं चढते आणि तिची तिचीच उतरते. तिथं तिला कुणाला सांभाळावं लागत नाही. तिथले मोठे भांडतात, पण मिटवतातही तेच."

"म्हणजे ती त्यांच्याकडे जास्त सुखी आहे?"

"यंत्राला सुख कळत नाही. तुम्हा दोघींवर तिचा किती जीव आहे तेही कळत नाही. तिथल्या घरातही दुसरे प्रश्न आहेत. मी फक्त एवढंच म्हणते, की अकरा वर्षांची मुलगी दोन मोठ्या बायकांचं ओझं उचलतेय आणि ते तिला जमतंय, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही."

गाडीत बसल्यावर केतकी कितीतरी वेळ नुसतीच स्टिअरिंगवर हात ठेवून राहिली. जनावराला कुठं दुखतंय हे ती त्याच्या उभं राहण्यावरून ओळखायची. तालुक्यात त्यासाठी तिचं नाव होतं.

न्यायाधीशांनी सुनावणीपूर्वी आणखी एकदा मोजणी करायला सांगितलं होतं, त्यामुळे पट्टे पुन्हा मनगटांवर आले. केतकीने ठरवलं, आता रेवासमोर आपलं काही दाखवायचं नाही. दिवस कसाही गेला असो, ती फाटकातूनच हसत यायची. "आज काय मजा केलीस?" असं मोठ्याने विचारायची. चार दिवसांनी डॉ. मुजावरांचा फोन आला. रेवाची रेषा आधीपेक्षा वर गेली होती.

"लपवू नका," त्या म्हणाल्या. "चेहरा हसरा आणि आतले ठोके पळतायत, हे मुलांना बरोबर कळतं. मग त्यांना जास्त भीती वाटते, की असं काय झालंय जे सांगतही नाहीत."

त्या रविवारी सकाळी रेवाच्या केसांना तेल लावता लावता केतकीने विचारलंच. "मी वैतागलेली आहे हे तुला कसं कळतं गं?"

"सोपं आहे," रेवा म्हणाली. "तू गाडीचं दार कसं लावतेस त्यावरून. दोनदा लावलंस की दिवस वाईट. आणि आजीने देवघरातले दिवे भरदुपारी घासायला काढले की तिला बाबाची आठवण आलीय."

केतकीचा हात थांबला. "आजी बोलते तुझ्याशी बाबाबद्दल?"

आपण काहीतरी सांडून ठेवलंय अशा चेहऱ्याने रेवाने मागे वळून पाहिलं आणि लगेच म्हणाली, "आई, तुला एक गंमत सांगू का शाळेतली?"

"नको," केतकी म्हणाली. "आत्ता नको, बाळा."

तिने हात धुतले आणि स्वयंपाकघरात गेली. शैलजाताई कणीक मळत होत्या.

"आई, तुम्हाला सौरभची आठवण येते?"

शैलजाताईंचे हात कणकेत रुतले. "कुणी सांगितलं?"

"येते का?"

"येणार नाही तर काय?" त्या एकदम उसळल्या. "नऊ महिने पोटात वाढवलाय त्याला. पण या घरात त्याचं नाव काढायची चोरी! त्याच्या वाढदिवसाला मी शिरा केला तर तू म्हणालीस, आज काय विशेष? काय सांगू मी?"

"मी कधी म्हटलं की नाव काढू नका?"

"म्हणायला कशाला हवं? तुझा चेहरा दिसतो ना!"

"आणि माझं काय, आई?" केतकीचा आवाज चढला. तिला स्वतःलाच तो परका वाटला. "तुम्ही माझ्यासाठी मुलाला सोडून इथं राहिलात, हे तीन वर्षं गावभर ऐकतेय मी. तुमच्या उपकाराखाली वावरतेय. कधी चिडावंसं वाटलं तरी चिडता येत नाही. वाटतं, या उठून गेल्या तर?"

"तुझ्यासाठी?" शैलजाताईंनी डोळे विस्फारले. "अगं, मी तुझ्यासाठी नाही राहिले! मला त्याची लाज वाटली म्हणून राहिले. आणि हे माझं घर आहे म्हणून राहिले. तू उपकार कुठून आणलेस त्यात?"

दारात रेवा उभी होती. हातात पाण्याचा तांब्या, चेहऱ्यावर ते नेहमीचं हसू, तयार केलेलं. केतकीला पडद्यावरचा तो जाड बाण आठवला.

"रेवा, तांब्या तिथं ठेव आणि खेळायला जा," ती म्हणाली.

"पण तुम्ही भांडताय."

"हो. भांडतोय."

रेवाने आजीकडे पाहिलं. शैलजाताईंनी कणकेच्या हातानेच डोळे पुसले होते, गालाला पीठ लागलं होतं. "जा तू," त्या म्हणाल्या. "हे आमचं आम्ही बघू. लहान नाही आम्ही."

ती लगेच गेली नाही. फाटकापर्यंत दोनदा वळून पाहिलं. मग गल्लीतल्या पोरींनी हाक मारली, तेव्हा गेली. आत बराच वेळ आवाज चालू होते. तीन वर्षांचं साठलेलं निघत होतं, सासूचं, सुनेचं, आणि मधूनच दोघींचं मिळून सौरभबद्दलचं. शेवटी दमून दोघी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. कणीक सुकून गेली होती.

"आता हिचं काय करायचं?" शैलजाताईंनी विचारलं.

"पाणी घाला आणि परत मळा. मी भाजी टाकते."

त्यानंतर घर काही पूर्वीसारखं राहिलं नाही. दोघी चिडू लागल्या, बोलू लागल्या, कधी दिवसभर धुसफुसू लागल्या. दुसऱ्या मोजणीचा आकडा आला तेव्हा खताळ वकिलांनी कपाळावर हात मारला. नव्वदीवरून साठीत. "असं काय केलंत मॅडम? मी आता काय तोंडाने उभा राहू?"

"आतला नकाशाही दाखवायचाय मला," केतकी म्हणाली. "दोन्ही वेळचा."

"तो बघून न्यायाधीश सरळ मुलगी काढून घेतील. कळतंय का तुम्हाला?"

तिला कळत होतं. आदल्या आठवड्यात तिने शैलजाताईंना सगळं सांगून विचारलं होतं. आकडा एकटा गेला तर काहीतरी सावरून घेता येईल, नकाशा गेला तर सांगता येत नाही. शैलजाताईंनी हातातली वात आधी वळून पुरी केली होती. मग म्हणाल्या होत्या, "पोर हरवली तर मी मरेन. पण लपवून जिंकलो तर तिला पुन्हा आपल्यापायी राबवू. दाखव तू."

न्यायाधीशांच्या दालनात सगळे बसले. सौरभ आणि पल्लवी समोर होते. सौरभ आईकडे पाहणं टाळत होता. डॉ. मुजावरांनी दोन्ही नकाशे पडद्यावर लावले आणि बाणांचा अर्थ सांगितला. पहिल्यात रेवाकडून निघणारे जाड बाण. दुसऱ्यात ते निम्मे झाले होते आणि केतकी व शैलजाताईंच्या मध्ये, आधी जिथं काहीच नव्हतं तिथं, एक नवी वाट उमटली होती. दोन्ही बाजूंनी जाणारी.

"हे तुम्ही स्वतःहून का दाखवताय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"कारण मुलगी कुठंही राहिली, तरी हे तिच्याबरोबर जाईल," केतकी म्हणाली. "पुण्याला गेली तर तिथंही ती एक दिवस कुणाचा तरी भार उचलायला लागेल. ज्यांच्याकडे ती असेल त्यांना हे माहीत हवं. सौरभलाही."

सौरभ पडद्याकडे पाहत होता. "ती आधीपासून असं करायची," तो अखेर केतकीला म्हणाला. "आपण दोघं भांडायचो तेव्हा. मधे येऊन गाणी म्हणायची." त्याने चष्मा काढून पुसला. "मला वाटायचं, तिला गाण्याची आवड आहे."

मग पल्लवीनेच तोंड उघडलं. "साहेब, सुट्टीत ती आमच्याकडे आली तर मला आवडेल. अद्वय तिचा वेडा आहे. पण तिची शाळा, आजी, आई सगळं तिकडे आहे. उचलून आणण्यात काय अर्थ?" तिने सौरभकडे पाहिलं. "हे मी घरीही म्हटलं होतं."

सौरभने मान हलवली. नकाराची नव्हती ती.

न्यायाधीशांनी रेवाशी वेगळं बोलून घेतलं आणि दुपारी निर्णय दिला. रेवा संगमनेरला राहील, एकाआड एक शनिवार-रविवारी आणि सुट्टीत पुण्याला जाईल. अर्जातलं ते वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं आणि ते निकालात घेणार नाही असं सांगितलं. बाहेर पडताना शैलजाताई मुलापाशी थांबल्या. "बारीक झालास," एवढंच म्हणाल्या. सौरभ वाकून पाया पडला. त्याचा हात त्यांनी सोडला नाही, जिना उतरेपर्यंत.

पट्टे परत गेले, भिंतीवरची डबीही गेली. जानेवारीत एकदा रेवा पुण्याहून रविवारी संध्याकाळी आली. ताटं वाढून तयार होती. ती बसली, ताटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला नको ही भाजी."

"का गं? शेपू आहे, तुझ्या आवडीचा," शैलजाताई म्हणाल्या.

"मला नाही आवडत शेपू. कधीच नाही आवडला."

शैलजाताईंच्या हातातला वाढायचा डाव हवेत राहिला. "आणि आजवर खाल्लास तो?"

"तू एवढा वेळ निवडत बसायचीस. तुला वाईट वाटलं असतं."

शैलजाताईंना वाईट वाटलंच. ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ओठ घट्ट मिटले होते. केतकी घास हातात धरून मुलीकडे पाहत राहिली. आता ही हसेल, काहीतरी गंमत सांगेल, एक घास खाऊन दाखवेल.

रेवाने आजीकडे पाहिलं. मग बरणी पुढे ओढली, पोळीवर लोणचं घेतलं आणि जेवायला लागली.